भासऱ्यांचा काढा

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. देवापुढे बसले तरी अर्ध्यावर आले की मला दुसरंच काही आठवायचं — दूध उतू जाईल, गडी येऊन उभा असेल. तुम्ही माझे कोणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते. कोणी असता तर बोलले असते का? नसतेच.

निमित्त झालं नातीचं. ती कॉलेजात औषधांचं शिकते. परवा जेवताना सांगत होती, गुळवेल, आवळा, जांभळाची बी, अश्वगंधा — यांत अँटिऑक्सिडंट असतात. साखरेच्या आजारात पुरुषाच्या बीजाची जी खराबी होते, मूल होत नाही, त्यावर यांचा काही उपयोग होतो का, ते म्हणे लोक तपासतायत. पोरगी मोकळी बोलते. आमच्या वेळी कोणी ताटावर बसून असं बोललं असतं, तर सासूनं ताट उचललं असतं. मी विचारलं, मग होतो का उपयोग? मला 'नाही' ऐकायचं होतं. किती वर्षं मी त्या एका 'नाही'ची वाट पाहिली, तिला काय ठाऊक! ती म्हणाली, "होतही असंन आजी. नक्की नाही सांगता येत." मग मला जेवण गेलं नाही.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. वडनेर भोलजीहून लग्न होऊन मी धामणगाव बढेला आले. घरात सासू, माझा नवरा, त्याचे थोरले भाऊ — म्हणजे माझे भासरे — आणि त्यांची बायको, माझी जाऊ. तिला मी बाई म्हणायचे. बाई चार यत्ता शिकलेल्या, गोऱ्या, हाताला चव. मी काळी, अंगठेबहाद्दर. आल्यागेल्याला सासू माझी ओळख करून द्यायची ती "हे लहानी" एवढीच. मग मला मुलगा झाला. बाईंच्या लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांची कूस उजवली नव्हती. सासूनं बाईंच्या कमरेच्या कोठीच्या किल्ल्या काढल्या आणि माझ्या कमरेला लावल्या. एका दिवसात मी त्या घरात माणूस झाले. हे सबब म्हणून सांगत नाही — त्या घरात माझ्याकडे तेवढंच होतं, एवढंच तुम्हाला कळावं.

भासऱ्यांना साखर होती. तिशीतला धिप्पाड माणूस नुसता वाळत चालला होता. सतत तहान, सतत लघवीला गोठ्यामागे जाणं, आणि ते उठून आले की त्या जागी मुंग्यांची रांग. पिंपळगाव राजाला एक म्हातारे वैद्य होते, त्यांच्याकडे जायचं ठरलं. घरी सांगितलं होतं की बाईंच्या पोटाचं दाखवायचं आहे. बाईंना सोबत म्हणून मला धाडलं.

वैद्य भासऱ्यांशी आत बराच वेळ बोलले. मग ओसरीवर आले. मी बाईंच्या मागे पदर ओढून बसले होते.

"बाई, तुमच्यात काई दोष नाही," ते म्हणाले. "साखर ह्यायच्या बीजाले खाऊन राह्यली. साखर उतरली, त मंग बाकीचं औषध लागू पडन. पन गोडाचा कण पोटात जाता कामा नये."

परतताना बैलांच्या दमणीत बाईंनी माझा हात दाबला. "सुमे, घरी काई बोलू नको वं. त्यायची मान खाली जाईन. मले त लोक म्हनतेतच वांझोटी. अजून म्हनतीन."

मी मान डोलावली. शब्द पाळला, तो आजपर्यंत. भासऱ्यांचा दोष झाकण्याचं पुण्य माझ्या नावावर आहे, हसू नका.

कामं वाटून घेतली. पथ्याचं जेवण आणि रात्रीचं अश्वगंधेचं दूध बाईंकडे, सकाळचा काढा माझ्याकडे. शेतातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आणायची, ठेचायची. आवळकाठी, गोखरू, जांभळाच्या वाळल्या बियांची पूड. चुलीवर पाणी आटून पावशेर उरेपर्यंत उकळायचं. घरातल्यांना वाटायचं काढा साखरेचा, नुसता साखरेचा. त्यात बाईंचं मूलही उकळत होतं, हे आम्हा तिघांनाच माहीत.

भासऱ्यांशी मी बोलत नसे. आमच्यात लहान भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर तोंड उघडायचं नाही, नजर वर करायची नाही. काढ्याचं फुलपात्र उंबरठ्यावर ठेवायचं आणि पदर सावरून आत यायचं. भासरे ते उचलायचे, पिऊन पालथं घालायचे.

आता ते सांगायचं. आजवर मी स्वतःला ते असं सांगत आले — काढा कडूजहर, भासरे अर्धा टाकून द्यायचे, बाईंचं तोंड उतरायचं. म्हणून मी त्यात गुळाचा खडा टाकला. दया आली म्हणून. ऐकायला बरं वाटतं की नाही? मलाही बरं वाटायचं.

पण तसं नव्हतं. भासरे काढा पूर्ण प्यायचे. डोळे मिटून, एका दमात, थेंबही न ठेवता. त्या माणसाला मूल इतकं हवं होतं.

खरं असं झालं. पेरण्या उरकल्यावर एक दिवस बाई गोठ्याकडून धावत आल्या. मी परातीत तांदूळ निवडत होते. "सुमे, मुंग्या नाही लागल्या वं! काल बी नाही, आज बी नाही!" बाई हसत होत्या. मी त्यांना तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी माझ्या पोराला उचललं, गरगर फिरवलं आणि म्हणाल्या, "राज्या, तुले भाऊ येईन, भाऊ!"

मी पण हसले. हो, हसलेच. आणि हात कमरेच्या किल्ल्यांकडे गेला. थोरल्याचा मुलगा आला तर माझा कोण? त्या शिकलेल्या, त्या गोऱ्या, आणि आता त्यांची कूसही — मग मी पुन्हा "हे लहानी" का? किल्ल्या परत जातील का? असं सगळं नीट शब्दांत मनात आलं असेल का, सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोठी उघडून मी गूळ फोडला, हे मात्र सांगता येतं.

भासऱ्यांनी फुलपात्र तोंडाला लावलं आणि थांबले. मी दाराआड उभी होते. मग ते प्यायले. विचारणार कोणाला? माझ्याशी बोलायचं नाही. वैद्यांनीच काढा बदलला असं त्यांना वाटलं असेल. का गोड लागलं म्हणून गप्प राहिले? बाईंनाही त्यांनी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिथेच उघडी पडले असते. ते बोलले नाहीत, याचा दोष मी त्यांच्यावर टाकून पाहिला आहे. टिकत नाही तो.

मग रोज टाकत गेले. खडा मोठा होत गेला. मुंग्या परत आल्या.

बाई सैरभैर झाल्या. त्यांनी भासऱ्यांचं ताट अजून कमी केलं — भात बंद, सणाची पुरणपोळी बंद. सासू चिडायची, पोराले उपाशी मारून राह्यली म्हणायची. पुन्हा पिंपळगावला गेलो. वैद्यांनी बाईंकडे पाहून विचारलं, "काई गोड जाते का पोटात?" माझं पोर बाईंच्या मांडीवर होतं. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "याची आन, वैद्यबुवा. कण नाही जात."

माझ्या पोराची शपथ. खोटी शपथ — आणि बाईंना माहीत नाही की खोटी आहे. तेव्हा तरी बोलावं ना? मी पोराला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि बाहेर नेलं. त्याला काही होईल म्हणून घाबरले. बाईंसाठी नाही. त्या दिवसानंतर गूळ टाकला नाही, पण तेही पोराच्या भीतीनं. आणि तोवर बाईंचा त्या औषधांवरचा विश्वास उडाला होता. त्यांनीच काढा बंद करायला सांगितला.

पुढे कपाशीच्या शेतात भासऱ्यांच्या पायात काटा मोडला. जखम भरलीच नाही. खामगावच्या दवाखान्यात पाय कापला, आणि तिथेच ते गेले. दहाव्याच्या दिवशी सासू भरल्या घरात म्हणाली, "ह्या बाईनं माह्या पोराले उपाशी मारलं. ना त्याले धड खाऊ देल्लं, ना त्याले लेकरू देल्लं." सगळ्या बाया ऐकत होत्या. बाई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण दमणीत शब्द तर मीच दिला होता ना — गप्प राहण्याचा. मी कणीक मळत होते. मळत राहिले.

बाई आमच्यातच राहिल्या. माझं पोर त्यांनी वाढवलं, त्याला अक्षरं त्यांनीच शिकवली. तो त्यांना मोठीमाय म्हणायचा, आणि खरं सांगते, मला ते सहन व्हायचं नाही. एवढं घेऊनही मला ते सहन व्हायचं नाही.

शेवटच्या आजारात त्यांचं सगळं मीच केलं. एका दुपारी माणसं शेतात गेलेली, घरात आम्ही दोघीच. मी त्यांना मऊ भात भरवत होते. त्यांनी तोंड बाजूला केलं आणि म्हणाल्या, "सुमे, म्या पथ्यात कुठी चुकली वं? मले न समजता त्यायच्या पोटात काई गेलं असंन का?"

ऐकणारं दुसरं कोणी नव्हतं. सांगितलं असतं तर बाईंशिवाय कोणालाही कळलं नसतं. त्या एकट्या तरी सुटल्या असत्या.

"तुमचं काई नाही चुकलं, बाई," मी म्हटलं. "तुमच्या नशिबातच नव्हतं."

त्यांनी मान हलवली, पटल्यासारखी. मग म्हणाल्या, "तू होती म्हनून. रोज उठून काढा करून देल्ला तू. कोन करते कोनासाठी एवढं?" आणि अंथरुणावर चाचपडत माझा हात शोधू लागल्या.

मी ताटली खाली ठेवली आणि हात त्यांच्या हातात दिला.