उपासाला चालतं

सांगितलेला शब्द माझ्या साडूंइतका तंतोतंत पाळणारा, आणि तो पाळल्यामुळेच स्वतःचं एवढं नुकसान करून घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. हे मी उगाच बोलत नाही. डब्लिनला एका औषधांच्या कारखान्यात मी वीस वर्षं आकडे तपासतोय. एका अंकाचा फरक पडला तरी आम्ही अख्खी बॅच अडवून ठेवतो, त्यामुळे अतिशयोक्ती करायची मला सवय नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. ते दूर किलकेनी गावात राहतात, आम्ही डब्लिनमधल्या ब्युमॉन्टला. मी त्यांना साडूभाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला, माझ्या बायकोसारखंच, ताई.

किलकेनीच्या बाहेर जेमतेम एक गाडी मावेल असे रस्ते आहेत. दोन्ही बाजूंना झुडपांच्या भिंती, मधोमध गवताची शेंडी, आणि तोंडाशी ऐंशीची पाटी. ही पाटी म्हणजे कमाल मर्यादा, हे इथल्या मेंढ्यांनाही कळतं. साडूभाऊ मात्र तिथून ऐंशीनेच गाडी नेतात. पहिल्यांदा त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा मी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती आणि मागे माझी बायको रामरक्षा म्हणत होती. उतरल्यावर मी म्हटलं, "साडूभाऊ, समोरून ट्रॅक्टर आला असता तर?" ते शांतपणे म्हणाले, "अहो, सरकारने काहीतरी विचार करून पाटी लावली असेल ना? आपण कोण शहाणे?" पुढे साखर निघाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्यांना दिवसाला पावाची एकच स्लाइस सांगितली. साडूभाऊंनी बेकरीतून न कापलेला पाव आणला आणि त्याची एक स्लाइस कापली. ती आमच्या घराच्या विटेएवढी होती. यात लबाडी असती तर मी त्यांना केव्हाच पकडलं असतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर आज्ञा पाळल्याचं निखळ समाधान होतं, आणि लबाडी नसलेल्या माणसाला कसं पकडायचं हे आमच्या कारखान्यात शिकवत नाहीत.

तर त्यांचा उजवा गुडघा गेला होता. इतका, की वर्षभर ते वरच्या मजल्यावर चढले नव्हते. खाली बैठकीत पलंग टाकून झोपत होते. शस्त्रक्रियेची तारीख कशीबशी मिळाली होती, पण अट होती. साखरेचा तीन महिन्यांचा आकडा इथल्या मापात चौसष्ट, म्हणजे आपल्याकडचे आठ टक्के, किंवा त्याखाली हवा. वसंतात तो एकाहत्तर होता. ताईने अकरा आठवडे त्यांना अक्षरशः डोळ्यांत तेल घालून जेवायला वाढलं. बोट टोचून रोज घेतलेले आकडे मला फोनवर यायचे, मी ते वहीत मांडायचो आणि रेघ छान खाली उतरत होती. नेमकी शेवटच्या दोन आठवड्यांत आमची मेक्सिकोची सहल आली. समुद्रकाठचं हॉटेल, दिवसभर हवं ते खा, चौघांचं आरक्षण वर्षभर आधीचं. ताईला ऐन वेळी रजा मिळाली नाही. विमानतळावर तिने मला बाजूला घेतलं. "तुम्ही आकड्यांचे माणूस आहात. लक्ष ठेवा." आणि नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिथे काय खावं कळलं नाही तर उपास असल्यासारखं खा, म्हणजे झालं."

"उपास असल्यासारखं," साडूभाऊंनी घोकलं. तिथेच मी मध्ये पडून खुलासा करायला हवा होता.

पहिल्या दुपारी मी माझं ताट घेऊन बसलो आणि साडूभाऊ त्यांचं घेऊन आले. त्यात तळलेल्या केळ्यांचे काप होते, मध लावलेलं रताळं होतं, बटाट्याच्या फोडींचा डोंगर होता आणि डोंगराच्या पायथ्याशी तिखटमीठ लावलेले शेंगदाणे होते. माझा काटा हातातच राहिला.

"साडूभाऊ, हे काय?"

"उपासाचं," ते म्हणाले.

"अहो, बटाटा!"

"बटाटा उपासाला चालतो."

"उपासाला चालतो, साखरेला नाही चालत! ते बघा, तिथे भाजलेला मासा आहे. काळ्या घेवड्याची उसळ आहे. मक्याच्या भाकऱ्या आहेत गरम गरम."

साडूभाऊंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की जणू मी देवळात चपला घालून शिरलोय. "मासा? उपासाला? आणि कडधान्य? तुमच्या घरी चालत असेल." मग आवाज खाली आणून म्हणाले, "कोथिंबीरसुद्धा काढून ठेवलीय. आमच्याकडे चालत नाही."

असे पाच दिवस गेले. मी रोज नव्याने हादरत होतो. जे खायला हवं ते सगळं वर्ज्य आणि जे टाळायला हवं ते सगळं पवित्र. वर त्यांना एक साक्षात्कार झाला होता, आणि खोटं कशाला बोलू, तो खराच होता. "रताळं, बटाटा, शेंगदाणा, मिरची, पपई, सगळं या अमेरिकेच्या बाजूनेच आपल्याकडे आलेलं. आपल्या आज्या जन्मभर मेक्सिकन उपास करत होत्या, राव!" चौथ्या दिवशी वाळूतून टोपली घेऊन एक बाई आली. टोपलीत राजगिऱ्याची वडी होती. अगदी आपली, पाकात बांधलेली. साडूभाऊ "राजगिरा!" म्हणून असे ओरडले की शेजारच्या खुर्चीवरचा आयरिश माणूस दचकून उठून बसला. तीन वड्या त्यांनी उभ्याउभ्या खाल्ल्या. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, एकादशी अन् दुप्पट खाशी!" तर म्हणाले, "दुप्पट नाही गं, तीनच."

एक गोष्ट मात्र मी रोज पाहायचो. सकाळी ते काठी वाळूत रोवून समुद्रात शिरायचे. गुडघाभर पाण्यापर्यंत लंगडत जायचे, कमरेपर्यंत जरा कमी, आणि छातीपर्यंत पाणी आलं की सरळ. तिथे ते किनाऱ्याला समांतर, धक्क्यापासून लाल तरंगत्या खुणेपर्यंत चालायचे, हात मागे बांधून, एखादा निवृत्त हेडमास्तर पटांगणात फिरावा तसे. पाण्यात त्यांचा गुडघा दुखत नसे. बाहेर आले की काठी शोधायचे.

पाचव्या दुपारी समोर अवाकाडो आला आणि शास्त्र अडलं. अवाकाडो उपासाला चालतो की नाही, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. साडूभाऊंनी ताईला फोन लावला. किलकेनीत संध्याकाळ होती, ती कामावरून नुकतीच आली होती. फोन टेबलावर मधोमध ठेवला होता.

"चालेल बहुतेक," ताई म्हणाली. "पण बाकी काय खाताय?"

साडूभाऊंनी अभिमानानं सांगितलं. काप, रताळं, बटाटा, शेंगदाणे, वडी.

"अहो," ताई म्हणाली, "मी उपास करा म्हटलं होतं. उपासाचं खा नव्हतं म्हटलं!"

"उपास असल्यासारखं म्हणालीस."

"म्हणजे बेतानं!"

"अठ्ठावीस वर्षांत तुझ्या माहेरी मी कुणालाही उपासाला बेतानं खाताना पाहिलेलं नाही," साडूभाऊ म्हणाले. यावर माझी बायको हसली. मीही हसलो असतो, पण ताई हसली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "मी वरची खोली लावून ठेवलीय हो. पडदे बदललेत."

साडूभाऊंनी ताट सरकवलं. उठून, काठी घेऊन पुन्हा पाण्याकडे गेले आणि ऊन उतरेपर्यंत चालत राहिले.

उरलेले सात दिवस त्यांनी उसळ, मासा, मोजून दोन भाकऱ्या आणि निवडुंगाची भाजी खाल्ली. हो, निवडुंगच, काटे काढून, चिरून, भेंडीसारखा बुळबुळीत. मी हबकून पाहत होतो. "काट्यांचा बेत आहे," ते म्हणाले. विनोद त्यांनी तेवढा एकच केला. सकाळ-संध्याकाळ समुद्र. मी खोलीत बसून हिशेब मांडत होतो. तीन महिन्यांच्या सरासरीत शेवटच्या दिवसांचं वजन जास्त असतं. पाच दिवस वाईट, सात चांगले, मागचे अकरा आठवडे उत्तम. कसंही मांडलं तरी उत्तर काठावर येत होतं.

परतल्यावर सोमवारी रक्त दिलं. गुरुवारी फोन आला.

"पासष्ट," साडूभाऊ म्हणाले.

मला धक्का बसला तो आकड्याचा नव्हे. तो माझ्या हिशेबात होताच. जन्मभर मी लोकांना सांगत आलो की एक अंक म्हणजे एक अंकच, पासष्टला चौसष्ट म्हणायचं नसतं. आणि त्या क्षणी मला मनापासून वाटलं की कुणीतरी डोळे मिटून चौसष्ट लिहायला हवं होतं. तारीख दुसऱ्या कुणाला गेली. आता पुढची सहा महिन्यांनी.

"वाईट झालं," मी कसंबसं म्हटलं.

"ग्रँड आहे हो," ते आयरिश लोकांसारखं, 'ठीक आहे' अशा अर्थी म्हणाले. "नियम म्हणजे नियम. त्यांनी काहीतरी विचार करूनच ठरवला असेल ना?"

आता महिन्यातून दोन रविवार मी किलकेनीला जातो. तिथल्या तरणतलावात, पोहण्याची टोपी घातलेल्या आयरिश आज्यांच्या मधून आम्ही दोघं साडू छातीभर पाण्यात चालतो. त्या "हाउ आर यू, लव्ह" म्हणतात, साडूभाऊ प्रत्येकीला थांबून उत्तर देतात. वीस फेऱ्या करायच्या असं त्यांना सांगितलेलं आहे, त्यामुळे ते एकविसावी करत नाहीत. मोजायचं काम अर्थातच माझ्याकडे.

शेवटी ते पायरीपाशी येतात. कठड्याला हात लावून, बाहेर टेकवलेल्या काठीकडे बघत क्षणभर तसेच पाण्यात उभे राहतात. ताठ.

"किती झाल्या?" ते विचारतात.

वीस झालेल्या असतात.

"एकोणीस," मी म्हणतो. आणि आम्ही पुन्हा वळतो.