तारीख पुढे गेल्याचा फोन

त्या वॉरंटची आठवण निघाली की आजही माझं डोकं तापतं. तेव्हा मी अमरावती जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, झालेल्या मारामारीतला एक आरोपी, शेंदूरजनाघाटकडचा ट्रॅक्टर मेकॅनिक, जामिनावर सुटला होता. तारखेला तो कोर्टात आलाच नाही. अजामीनपात्र वॉरंट निघालं. त्याला जामीन राहिलेले म्हातारे गुरुजी कोर्टाची नोटीस घेऊन ठाण्यात आले आणि बाकावर मान खाली घालून बसले. ते पाहून मी आणखीच चिडलो.

दोन दिवसांनी खबर मिळाली, आरोपी अकोल्यात एका दवाखान्यात आहे. आम्ही भरदुपारी पोचलो. बाळंतिणींच्या वॉर्डाबाहेर तो थर्मास घेऊन उभा होता.

"काहून बे पळाला?"

"पळालो नाई साहेब. बायको अडली हाये. तारीख पुढं गेली म्हनून तुमच्याच ठान्यातून फोन आला होता मले. रेकॉर्डिंग हाये, आयका ना."

फरार आरोपी असंच काहीतरी सांगतात. मी फोन ताब्यात घेतला, पण रेकॉर्डिंग ऐकलं नाही. आतून बायको त्याला हाक मारत होती. मी त्याला ओ देऊ दिली नाही.

ठाण्यात आणून तासभर चौकशी केली. त्याचं उत्तर तेच. शेवटी रेकॉर्डिंग लावलं. आवाज ओळखायला दोन शब्द पुरले. कोर्टाच्या तारखा सांभाळणारा आमचाच हवालदार होता तो.

त्याला समोर उभं केलं. आधी साफ नाही म्हणाला. रेकॉर्डिंग ऐकवल्यावर पुटपुटला, "फिर्यादी माहा साडू हाये साहेब. म्हटलं, याचा जामीन रद्द होईन."

माझ्या ठाण्याचं नाव वापरून त्याने एका माणसाला फरार बनवलं होतं. त्याच दिवशी वरिष्ठांना अहवाल पाठवला. हवालदार निलंबित झाला.

दुसऱ्या दिवशी मी कोर्टात सगळं सांगितलं. वॉरंट रद्द झालं, गुरुजी नोटिशीतून सुटले. तोवर अकोल्यात मुलगी झाली होती. बाप तेव्हा माझ्या कोठडीत होता.

ते रेकॉर्डिंग जेमतेम पाऊण मिनिटाचं होतं. हवालदारावरचा राग कारवाईने निवला, स्वतःवरचा नाही. वॉरंट हातात आहे म्हणून समोरच्याचं ऐकायची गरज संपत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे प्रत्येक तारखेआधी तो मेकॅनिक ठाण्यात यायचा. "साहेब, तारीख कागदावर लिहून द्या. खाली तुमची सही."

मी सही करायचो. मुलीचं नाव विचारायची हिंमत मला कधी झाली नाही.