कुआंतानची पिशवी

टेमेर्लोजवळच्या त्या गावात लग्नाचा भात रमलाननेच लावायचा, असा शिरस्ता होता. मसाल्याचं माप त्याने कुणालाच शिकवलं नव्हतं. तीच त्याची ऐट आणि तेच त्याच्या गळ्यातलं लोढणं. शाळांना सुट्टी लागली की गावात लग्नांची रांग लागायची. दोन तासांवरच्या कुआंतानचा समुद्र न बघताच रमलानची तीन थोरली पोरं मोठी होऊन पांगली.

धाकट्या हुस्नाचं हे शाळेचं शेवटचं वर्ष. या खेपेला बायकोने, सलबियाने, कुआंतानला जायला मुद्दाम मंगळवार-बुधवार धरला. "आठवड्याच्या मध्ये कोण मेला लग्न करतोय?" समुद्राकडे खिडकी असलेली खोलीसुद्धा ठरली. हुस्नाची पिशवी पंधरा दिवस आधीच भरून दाराशी बसली.

रविवारी गावप्रमुख आले. त्यांचा होणारा जावई फौजेत; त्याची रजा गुरुवारी संपणार, म्हणून लग्न बुधवारी.

"रमलान, तू नाहीस तर भात कोण लावणार?"

'दुसरा कुणी बघा' म्हणायला रमलानने तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, "माणसं किती?"

"पाचशे."

"घ्या! आम्ही समुद्र तुमच्या हंड्यातच बघायचा!" आतून सलबिया कडाडली.

हुस्ना रडली असती तर रमलानला बरं वाटलं असतं. मंगळवारी तिने पिशवी रिकामी केली, सुरी घेतली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"कांदा किती किलो, बाबा?"