दूरच्या पाव्हण्याची शेजारीण

लग्नात पाहुण्यांना द्यायचा लाडू कधी करायचा, याचं माझ्या मायचं गणित लग्नाच्या तारखेपासून सुरू होतच नसे. ते सुरू होई रोहिणखेडपासून. तिथं तिची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, दिलेली. आमच्या देऊळगाव राजाहून तिकडं जायचं म्हणजे एसटी बदलत बदलत जायचं, आणि मावशी कुठल्याही लग्नातून सरळ घरी जाईल तर शपथ. वाटेत बुलडाण्याला लेकीकडे मुक्काम, मग घरी पोचून अंग टाकायचं, आणि मग कधीतरी सवडीनं पिशवी सोडून शेजारणीच्या हातावर लाडू ठेवायचा. माय म्हणायची, "लगनाची तारीख नोको पाहू. दूरच्या पाव्हण्याच्या शेजारणीचं तोंड पाहाय. तिच्या तोंडात लाडू ताजा पडला पाह्यजे."

लग्नाहून परतणाऱ्या बायांच्या पिशवीत आमच्याकडे शिदोरी घालतात. बुंदीचे लाडू, शेव, जमलं तर एखादी सांजोरी. मांडवातलं जेवण कसंही झालं तरी तोंडावर कोणी वाईट बोलत नाही. शिदोरी मात्र ज्यांना लग्नाचं बोलावणंसुद्धा नव्हतं अशा माणसांपर्यंत जाते, आणि त्यांना कोणाची भीड नसते. घराचं नाव तीच माणसं ठरवतात, असं मायचं ठाम मत होतं.

म्हणून तिचे नियम कडक. बुंदी हळदीच्या आदल्या दिवशी पाडायची, त्याआधी नाही. पाक जरा पुढं न्यायचा, ओला राहिला की लाडवाला बुरशी धरते. वळलेले लाडू परातीत उघडे निवू द्यायचे, वर फक्त पातळ फडकं. गरम लाडू बांधला की तो आतल्या आत घामाघूम होतो. पुडी बांधायची ती पाहुणा निघायच्या सकाळी, आणि शेव वेगळी, लाडू वेगळा, कारण लाडवाशेजारी शेव मऊ पडते. बेदाणे घालायचेच नाहीत. "दिसाले चांगले अन् नासाले पयले," हे ती बेदाण्यांबद्दल म्हणायची आणि काही नातेवाइकांबद्दलही.

हे सगळं पाठ करून कोणालाही सांगता आलं असतं. मायची खरी ताकद तिच्या नाकात होती. गल्लीत लग्न निघालं की तुपाचा डबा आणि बेसनाची पिशवी आधी आमच्या ओट्यावर यायची. माय पदरानं हात पुसायची, झाकण काढायची, वास घ्यायची आणि कुठंतरी लांब पाहत राहायची. मग झाकण लावून "भाजीले वापरा" म्हणायची, नाहीतर म्हणायची, "करा." एवढंच. आमच्या घरी मिरवावं असं दुसरं काही नव्हतं, पण मायच्या 'करा'शिवाय गल्लीत बुंदीची कढई चढत नसे. तिला तो मान फार आवडायचा आणि ती ते लपवायचीही नाही.

मला तिनं लहानपणी या नाकाच्या शाळेत घातलं होतं. लाडू माझ्या नाकाखाली धरायची. "डोये मीट. सांग, काय वास येऊन राह्यला?" मी वेलची म्हटलं की ती म्हणायची, वेलची तर शेजारच्या मांजरीलेही समजते, त्याच्या मांगं काय आहे ते सांग. मागं कधी तुपाचा वास असायचा, कधी कच्च्या बेसनाचा, कधी दिवसभर एकाच तेलात तळत राहिलेल्या कढईचा. बरोबर सांगितलं तर लाडू, चुकलं तर अर्धा. अर्धा लाडू खाताना मी इतकी चिडायची की चवच लागायची नाही. आज तो अर्धा लाडू कोणी दिला तर मी काय वाटेल ते देईन.

आमच्या गल्लीच्या टोकाला एका बड्या घरी लग्न झालं होतं. आचारी पुढच्या आठवड्यात मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी लाडू भर वैशाखात आठवडाभर आधी करून घेतले आणि काम उरकलं म्हणून गरम गरमच बांधून ठेवले. डबा मायकडं आणला नव्हता, बडं घर ना. मावशीनं रोहिणखेडला पुडी सोडली तर लाडू फोडताना नासल्याची तार सुटली. त्या लग्नाला बँड कुठला होता, नवरीचा शालू कसा होता, सगळं लोक विसरले. तार नाही विसरले. ती नवरी पुढं आजी झाली तरी आमच्याकडे तिची ओळख "तारेच्या लाडवाची" अशीच निघते.

हे सगळं मी माझ्या पुण्याला नोकरी करणाऱ्या लेकीला सांगितलं, तिचं लग्न ठरलं तेव्हा. ती म्हणाली, "आई, लाडू आता कोणी खात नाही. सगळ्यांना शुगर आहे." आणि तिनं चॉकलेटं मागवली. प्रत्येक चॉकलेटवर नवरानवरीचं नाव उठवलेलं, वर सोनेरी कागद, छोटी डबी. आयत्या वेळी धावपळ नको म्हणून चांगली आधी मागवली. मे महिन्यात. देऊळगाव राजाला.

मी गावातच दिलेली, माहेराहून दोन गल्ल्या सोडून. वडील गेल्यापासून माय माझ्याकडेच राहते. ती खोकी पाहून माय फक्त एवढंच म्हणाली, "बाप्पा, यायले ठेवता कुठं?" फ्रिजमध्ये. फ्रिजमधून दूध, भाजी, माझ्या नवऱ्याचं इन्शुलिन सगळं सरकवून चॉकलेटं बसवली. उरली ती शेजारच्या भाभीच्या फ्रिजमध्ये. भाभीनं बिचारीनं आपलं कणकेचं भांडं बाहेर काढून जागा दिली. मग एका दुपारी वादळ आलं, तारा तुटल्या आणि वीज गेली ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. डबी उघडली तर सोनेरी कागदात नुसता गारा. दोन्ही नावं एकमेकांत विरघळून गेलेली. भाभी पदर तोंडाला लावून म्हणाली, "अवो बाई, लगन लागायच्या आधीच दोघं एक होऊन गेले की!" लेक आधी रडली, मग हसली, मग म्हणाली, "आजीला विचार लाडवाचं."

मला वाटलं, आता माय फुगून टम्म होईल. नातीनं हार मानली, पुन्हा तिचे दिवस आले. पण माय भिंतीकडे पाहून म्हणाली, "मले काऊन इचारता? बाजारातून आणा तयार. आता लई चांगले भेटतात." मी थक्क झाले. जिनं उभ्या जन्मात बाजारच्या लाडवाला हात लावला नाही, ती हे बोलत होती. मला वाटलं, भाव खाते आहे. आग्रह करून घ्यायची तिची जुनी खोड. म्हणून आम्ही सगळ्यांनी आग्रह केला, भाभीनं तर हात जोडले. "अम्मा, तुम्ही 'करा' म्हणल्याशिवाय मी कढाई देणारच नाही. ती कढाई माझ्या सासूची आहे, तिले सवय आहे तुमची." माय शेवटी हो म्हणाली, पण चेहरा लग्नघरच्या बाईचा नव्हता.

त्याच आठवड्यात मी अंगणात गहू पाखडत होते. करपल्याचा वास आला म्हणून धावले. गॅसवर दूध पार आटून पातेल्याला लागलेलं, घरभर धूर, आणि माय त्याच स्वयंपाकघरात गॅसकडं पाठ करून शेंगा सोलत बसलेली. मी ओरडले, "अवो माय, दूध!" ती दचकली. "ध्यान नाही राह्यलं," म्हणाली. म्हातारपण म्हणून मी पातेलं घासायला घेतलं.

मग तुपाचा डबा आला. हिवरा आश्रमाकडच्या माझ्या नणंदेनं घरचं तूप पाठवलं होतं. मायनं पदरानं हात पुसले, झाकण काढलं, वास घेतला. आणि डबा माझ्या नाकाखाली धरला. "सांग, काय वास येऊन राह्यला?"

मी कावले. घरात शंभर कामं पडलेली. "माय, आता मी काय परीक्षा द्यायच्या वयाची राह्यले का? तूच सांग ना."

 तिनं डबा तसाच धरून ठेवला. आणि मी तिच्याकडे पाहिलं. पूर्वी विचारताना ती लांब कुठंतरी पाहायची, कारण उत्तर तिच्याकडं असायचं. आज ती माझ्या तोंडाकडं पाहत होती.

कोरोनात तिला ताप आला होता. तेव्हा चव गेली, वास गेला म्हणाली होती. सगळ्यांचाच जात होता आणि परत येत होता. ती उठली, जेवायला लागली, आम्ही तो विषय पुन्हा काढलाच नाही. मला एकदम सगळं दिसलं. करपलेलं दूध. देवापुढची उदबत्ती विझली तरी तिचं समोर बसून राहणं. बाजारचे लाडू आणा म्हणणं.  एवढी वर्षं आमच्यात वावरली, आणि कोणाला कळू दिलं नाही, कारण कळलं असतं तर डबे यायचे थांबले असते.

मी खाली बसले, डोळे मिटले आणि वास घेतला. लहानपणी घ्यायची तसा, नीट. "तूप चांगलं आहे," मी म्हटलं. "कढवताना जरा जास्त लागलंय, खरपूस येतंय. खवट नाही."

तिनं झाकण लावलं. "हाव," म्हणाली. "मलेही तसंच वाटलं."

हळदीच्या आदल्या दिवशी अंगणात कढई चढली. गल्लीतल्या बाया परात घेऊन बसल्या, भाभी झारा धरून उभी. मायला पाटावर मधोमध बसवलं आणि तिच्या शेजारी मी चिकटून बसले, कामं बाजूला टाकून. पाक तिनं स्वतः पाहिला. बोटावर घेतला, अंगठ्यानं तार काढली, तिथं तिला कोणाची गरज नव्हती. मग भाभीनं बुंदीचा पहिला घाणा तिच्यासमोर आणला आणि सगळ्या बाया थांबल्या. माझ्या छातीत धडधडत होतं, खरं सांगते, माझ्या स्वतःच्या लग्नात एवढं धडधडलं नव्हतं.

मायनं चिमूट उचलली, वास घेतला आणि हात माझ्याकडं वळवला. "सांग पाहू. शिकली का काही, का अर्धाच लाडू खात राह्यली जलमभर?"

बाया हसायला लागल्या. लेक म्हणाली, "आजी, आईची अजून परीक्षा?" मीही हसले आणि मोठ्यानं सांगितलं, "बेसन कच्चं येतंय माय. आत शिजलं नाही. तूप कमी तापलंय."

"बरोबर." तिनं कढईकडं हात केला. "आच वाढवा. हा पयला घाणा पोरायले द्या."

दुसऱ्या घाण्याला मी म्हटलं, "आता खमंग, मागं काही नाही." तिनं मान डोलावली. अंगणभर एकदा पाहिलं, पूर्वीसारखं, आणि म्हणाली, "करा."

लग्न झालं. पुड्या पाहुणे निघायच्या सकाळी बांधल्या. मावशी निघाली, बुलडाण्याला थांबली, घरी पोचली, अंग टाकून पडली. माय रोज फोनकडं पाहायची. शेवटी एका सकाळी फोन आला. मावशी ओरडूनच बोलते, त्यामुळे आम्हाला सगळं ऐकू आलं. मशिदीकडच्या गल्लीतल्या शेजारणीला, खालाला, लाडू दिला होता आणि खाला विचारत होती, आज केले का.

मायनं फोन ठेवला आणि आपल्या पेटीतून एक पुडी काढली. प्रत्येक लग्नात ती एक पुडी स्वतःकडं ठेवायची आणि रोहिणखेडची शेजारीण खाईल त्या सुमाराला उघडायची, हे मी विसरूनच गेले होते. घरात आम्ही दोघीच. लेक सासरी गेलेली, मांडवाचे खांब अजून अंगणात पडलेले. मायनं लाडू फोडला, अर्धा माझ्या हातावर ठेवला, अर्धा तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिली.

"गोड आहे, एवढं समजते मले," ती म्हणाली. "बाकीचं तू सांग."

मी डोळे मिटले आणि वेलचीच्या मागं काय आहे, तिथून सांगायला लागले.