पुलापाशी सांगायचं राहिलेलं

१९५८ साली जर्मनीत, डार्मश्टाटमध्ये, आम्ही मराठी विद्यार्थी चौघे होतो. त्यातला चौथा एप्रिलमध्ये आला. बोटीनं इटलीतल्या जिनोव्हापर्यंत आणि तिथून आगगाडीनं. तो चिपळूणचा, रसायनशास्त्रातला, तेवीस वर्षांचा. मी तिथं दोन वर्षं काढलेली असल्यामुळे त्याला माझ्या शेजारची खोली मिळवून देणं, पोलिसांकडे नाव नोंदवणं, दुकानात दही कशाला म्हणतात ते शिकवणं, हे सगळं माझ्याकडे आलं. त्याला जर्मन येत नव्हतं. 'बिटे' म्हणजे कृपया आणि 'डांके' म्हणजे आभार, या दोन शब्दांवर तो सगळं निभावून न्यायचा, आणि ते निभत होतं याचं मला नवल वाटायचं. आमच्या घरमालकीणबाई माझ्याशी कधी हसल्या नव्हत्या, त्याच्याशी हसायच्या.

मे अखेरीस फिंग्स्टन सणाच्या सुट्टीत परदेशी विद्यार्थ्यांसाठी तीन दिवसांची सहल निघाली. आयफेलच्या डोंगरातले जुने ज्वालामुखी आणि शेवटच्या दिवशी लक्झेंबर्गच्या सीमेलगतचा एक धबधबा. मला प्रबंधाचं काम होतं, जायचं नव्हतं. त्यानं हट्ट धरला. ज्वालामुखी बघितला असं घरी लिहायचंय, म्हणाला. मी दोघांचीही नावं दिली.

बसमध्ये वीसेक मुलं होती. ग्रीक, तुर्की, इराणी, आणि त्या सगळ्यांना कामापुरतं जर्मन येत होतं. आमचे वाटाडे पन्नाशीचे गृहस्थ होते. पूर्वी शाळेत भूगोल शिकवायचे. युद्धात, रशियातल्या थंडीनं त्यांच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली होती. त्या हातानं ते काठी धरायचे आणि उजव्या हातानं आम्हाला मोजायचे. बसमध्ये चढताना मोजायचे, उतरल्यावर मोजायचे, जेवायला बसल्यावरही मोजायचे. गळ्यात शिट्टी होती. पहिल्याच थांब्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. तुमच्या मित्राला भाषा येत नाही, तेव्हा मी जे सांगेन ते सगळं तुम्ही त्यांना सांगायचं, असं त्यांनी बजावलं. मी होकार दिला.

पहिल्या दिवशी एका मोठ्या तळ्याच्या काठी त्यांनी आम्हाला पाण्यातून वर येणारे बुडबुडे दाखवले. जमिनीखालचा ज्वालामुखी अजून श्वास सोडतोय, असं ते म्हणाले. काठावरच्या एका खळग्यात त्यांनी पेटती काडी खाली नेली. ती विझली. तिथंच एक लहानसा पक्षी मरून पडला होता, पिसांना काही झालेलं नव्हतं. मी हे सगळं नीट मराठीत सांगितलं. माझ्या मित्रानं काडी विझवणाऱ्या त्या वायूचं सूत्र, त्याचं वजन, तो खाली का साठतो, हे उलट मलाच समजावलं आणि मी ते वाटाड्यांना जर्मनमधून ऐकवलं. ते खूष झाले. दुसऱ्या दिवशी ज्वालामुखीच्या तोंडात साठलेली गोल तळी बघितली. त्यातल्या एकाच्या काठावर जुनं चर्च आणि दफनभूमी होती. गाव कधीच उठून गेलं होतं, फक्त त्याचे मेलेले तिथं राहिले होते. त्यात युद्धातल्या नव्या कबरीही होत्या. पाऊस सुरू होता. वाटाडे टोपी काढून उभे राहिले, म्हणून आम्हीही राहिलो.

दोन दिवस मी सतत बोलत होतो. आधी जर्मन ऐकायचं, मग मराठी बोलायचं, मग मित्राचे प्रश्न, मग त्यांचं जर्मन. तिसऱ्या दिवशी सकाळी माझा घसा बसला होता, बूट ओले होते, आणि अपुऱ्या राहिलेल्या प्रबंधाचा विचार डोक्यात होता. हे मी सबब म्हणून सांगत नाही. तसं होतं, एवढंच.

धबधबा आम्हाला वाटला तसा नव्हता. उंचावरून पाणी पडत नव्हतं. फार पूर्वी कड्यावरून कोसळलेल्या घराएवढ्या शिळांमधून नदी घुसत होती, फेसाळत होती, आणि वरून एक लाकडी पूल जात होता. कोकणातला तो पोरगा माझ्याकडे बघून म्हणाला, "याला धबधबा म्हणतात होय? आमच्याकडे गुरं उतरतात असल्या ठिकाणी."

पुलाच्या तोंडाशी वाटाड्यांनी सगळ्यांना थांबवलं. वरच्या डोंगरात दोन रात्री पाऊस झाला आहे, नदी चढली आहे, असं ते म्हणाले. पूल सोडून कोणीही खाली उतरायचं नाही. दगडांवर शेवाळ आहे, पण खरा धोका दगडांच्या खाली आहे. तिथं पोकळ्या आहेत, पाणी त्यातून आत ओढून घेतं. जो आत जाईल तो पलीकडून बाहेर येणार नाही.

मित्रानं मला कोपरानं ढोसलं. मास्तरांचं प्रवचन काय म्हणतंय, असं त्यानं विचारलं.

"सांभाळून चाल म्हणतोय, बस," मी म्हणालो.

मुलं पुलावर जाऊ लागली. वाटाडे माझ्याजवळ आले आणि हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "तुमच्या मित्राला सांगितलंत? सगळं?"

"हो," मी म्हणालो, "हो, सगळं."

आम्हा दोघांखेरीज ते कोणी ऐकलं नाही.

पुढचं घडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मी पुलाच्या मध्यावर कठड्याला टेकून उभा होतो. माझा मित्र पलीकडच्या टोकाला गेला, कठड्याच्या शेवटाला वळसा घालून काठावर उतरला आणि पहिल्या शिळेवर गेला. मग दुसऱ्या. सवयीच्या माणसासारखा, हात पसरून, गुडघे वाकवून. तिसऱ्यावर उभा राहून त्यानं माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं, पाण्याच्या आवाजात ते कळलं नाही. वाटाड्यांची शिट्टी वाजली. शिट्टी म्हणजे गोळा व्हायचं, हे त्याला दोन दिवसांत कळलं होतं. आलो, अशा अर्थी त्यानं हात वर केला, वळला, आणि तिथं नव्हता. ओरडणं नाही, काही नाही. शिळा रिकामी होती. मी तिच्याकडे बघत राहिलो, जणू तो शिळेच्या मागे बसला असेल.

वाटाडे काठी टाकून पाण्यात उतरले. दोघा ग्रीक मुलांनी त्यांना कंबरेला धरून मागे खेचलं. गावातून माणसं आली, लांब बांबूसारखे वासे घेऊन. दोन दिवस काही सापडलं नाही. बस बाकीच्यांना घेऊन परत गेली, मी गावातल्या खानावळीत राहिलो. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं तेव्हा तो वीस पावलं खाली, एका शिळेच्या पोटात अडकलेला सापडला. अंगात मी दिलेला रेनकोट होता. चेहरा मी ओळखला नाही, रेनकोट ओळखला.

त्याच दिवशी दुपारी पोलिसांनी जबाब घेतला. खोलीत टंकलेखन यंत्रापाशी एक अधिकारी होता आणि बाहेर बाकावर वाटाडे बसले होते. इशारा दिला होता हे इतर मुलांनी आधीच सांगितलं होतं, त्याबद्दल वाद नव्हता. प्रश्न एवढाच होता की ज्याला भाषा येत नाही त्याच्यापर्यंत तो पोचला की नाही, आणि पोचला याची खात्री वाटाड्यांनी करून घेतली की नाही. अधिकाऱ्यानं सांगितलं, ते म्हणतात त्यांनी तुम्हाला विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात.

मी म्हणालो, "मला त्यांनी विचारलं नाही."

यंत्र खडखडलं. मी सही केली. बाहेर आलो तेव्हा वाटाडे उठून उभे राहिले आणि त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. मी काय सांगितलं ते त्यांना अजून कळलेलं नव्हतं.

त्या डोंगराळ कॅथलिक मुलखात सगळ्यांना पुरतात, दहनाची सोय नव्हती. माइन्त्सला न्यावं लागलं. आम्ही तिघे होतो. मंत्र कोणालाच धड येत नव्हते, एकानं गीतेचा पंधरावा अध्याय आठवेल तेवढा म्हटला. त्याच्या वडिलांना मी आधी तार केली आणि मग सविस्तर पत्र लिहिलं. वाटाडे आम्हाला सारखे मोजत होते, तरी पाय घसरला, कोणाला काही करता आलं नाही, असं लिहिलं. पोलिसांचा अहवाल, माझ्या जबाबासह आणि वाटाड्यांच्या पत्त्यासह, वकिलातीनं त्यांना पाठवला. अस्थी बोटीनं गेल्या. गुन्हा नोंदला गेला नाही, पण सहली काढणाऱ्या मंडळानं वाटाड्यांना पुन्हा बोलावलं नाही. हे मला वर्षभरानं उडत उडत कळलं.

प्रबंध पुरा झाला. मला नेकारसुल्मच्या मोटार कारखान्यात नोकरी लागली. एका सुट्टीत पुण्याला जाऊन लग्न केलं, पत्नी नंतर आली. पासष्ट साली तिला दिवस गेले आणि मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी काय खायचं, काय उचलायचं नाही, कोणत्या दुखण्यात तडक दवाखान्यात यायचं, असं बरंच सांगितलं. मी ते मराठीत तिला सांगितलं. मग डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळं सांगितलंत ना?"

मी त्यांना सगळं पहिल्यापासून परत सांगायला लावलं आणि या वेळी एकेक वाक्य थांबवून भाषांतर केलं. बाहेर आल्यावर पत्नीनं विचारलं, "अहो, काही वाईट म्हणाले का ते? तुमचा चेहरा असा का झालाय?" त्या दिवशी घरी येऊन मी तिला सगळं सांगितलं. सात वर्षांत पहिल्यांदाच. ती म्हणाली, त्या वाटाड्यांना जाऊन भेटा.

मी गेलो तेव्हा वाटाडे अजून त्यांच्या गावातच होते. मागच्या अंगणात ससे पाळले होते, दारात मला बघून त्यांनी ओळखलं आणि आत घेतलं. आपल्या पत्नीला त्यांनी कॉफी ठेवायला सांगितली. मी खुर्चीच्या कडेला बसून बोललो. पुलापाशी मी काय सांगितलं, काय सांगितलं नाही, आणि जबाबात काय खोटं लिहून दिलं.

ते म्हणाले, "मला माहीत आहे. मी तुमच्यापासून दोन पावलांवर उभा होतो. मी एवढं सांगितलं आणि तुम्ही त्याला चार शब्द बोललात. मला तुमची भाषा येत नाही, पण मोजता येतं. म्हणून तर विचारायला आलो. तुम्ही 'हो' म्हणालात आणि मी ते मान्य केलं, कारण मागे मुलं खोळंबली होती. आणि शिट्टी मीच वाजवली."

पोलिसांकडे जाऊन जबाब बदलतो, असं मी म्हणालो. त्यांनी मान हलवली. आता त्याचा मला काही उपयोग नाही, म्हणाले. मग उठून कपाटातून एक पाकीट आणलं. चिपळूणहून आलेलं इंग्रजी पत्र. माझ्या मित्राच्या वडिलांचं, निवृत्त पोस्टमास्तरांचं सुवाच्य, तिरकं अक्षर. तुम्ही आमच्या मुलाला गुरासारखं मोजलंत, पण त्याला कळेल अशा भाषेत एक शब्द सांगितला नाहीत, असं त्यात होतं. तुमची मुलं जगोत, असं शेवटी होतं. गावातल्या पाद्र्यांकडून वाटाड्यांनी ते वाचून घेतलं होतं. वाटाड्यांचा एकुलता एक मुलगा युद्धाच्या शेवटच्या महिन्यात गेला होता.

"याचं उत्तर मला लिहिता आलं नाही," ते म्हणाले. "ते तुम्ही द्यायचं. पत्रानं नाही."

पुढच्या वर्षी मुलगी दोन महिन्यांची असताना मी एकटाच देशात गेलो आणि चिपळूणला गेलो. मुलाचा मित्र आला म्हणून त्याच्या आईनं ओटीवर सतरंजी घातली, शेजारच्या बाईंना बोलावून मला दाखवलं. शेजारीण जाईपर्यंत मी थांबलो. मग सांगितलं. वडील समोर बसून ऐकत होते, आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. वडिलांनी एकच प्रश्न विचारला.

"त्या गृहस्थांचे नेमके शब्द काय होते?"

मी सांगितले. अडखळत, पण एकही न गाळता. आई मध्येच खाली बसली. माझं झाल्यावर वडील अंगणाकडे बघत म्हणाले, "म्हणजे मी भलत्याच माणसाला शिव्याशाप दिले." त्यांनी माझ्याकडून वाटाड्यांचा पत्ता तपासून घेतला, तोच आहे ना अजून, असं विचारलं. मग म्हणाले, "तुम्ही आता निघा. पाचची एस्टी मिळेल."

जेवून जाऊ दे, असं आई हळूच म्हणाली. वडिलांनी घड्याळाकडे बघितलं. तिनं पाण्याचा तांब्या आणून दिला. मी पाणी प्यायलो, नमस्कार करायला वाकलो, तर वडिलांनी पाय मागे घेतले.

नाताळात वाटाड्यांचं कार्ड आलं. चिपळूणचं पत्र मिळालं, पाद्र्यांनी वाचून दाखवलं, आपण उत्तर पाठवलं आहे, एवढंच त्यात होतं. पुढं त्या दोघांचा पत्रव्यवहार काही वर्षं चालला, असं वाटाड्यांच्या पत्नीकडून कळलं. दोघांनी एकमेकांना काय लिहिलं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. चिपळूणहून मला कधीही पत्र आलं नाही.