समोरच्या काकींचा जाहीर सत्कार

आष्ट्यात सभा भरली आणि व्यासपीठावर आमच्या समोरच्या काकी नाहीत, असं त्या लढाईच्या दिवसांत एकदाही घडलं नसेल. काकींनी नऊ बाळंतपणं काढलेली. तिघं लहानपणीच गेली, पाच मुलगे पलटणीत आणि धाकटी लेक इस्लामपुरात दिलेली. एवढ्या भांडवलावर त्या सर्वपक्षीय झाल्या होत्या. पलटणभरतीचे साहेब त्यांना खुर्चीत बसवून 'वीरमाता' म्हणत. स्वराज्यवाले म्हणत, 'हीच आमची भारतमाता!' पुण्याचे एक संततिनियमनवाले वक्ते आले, त्यांनी त्याच खुर्चीकडे बोट दाखवून 'रूढीचा बळी' म्हटलं. खण-नारळ तिघांनीही दिला. दोन शब्द बोला म्हणून मात्र कुणी सांगितलं नाही. काकी खुर्चीवर मांडी घालून बसत आणि भाषण ऐन रंगात आलं की नारळ कानाशी हलवून आत पाणी किती ते बघत. "परवाचा म्हनला लय चांगलं केलंस, आजचा म्हनतोय लय वाईट केलंस. नारळ दोगांचाबी ग्वाड निघाला बगा, मास्तर!"

मी तिथं शाळामास्तर, समोरच्या खोलीत भाड्यानं राहणारा. सगळ्या पक्षांची मानपत्रं मीच लिहून देई, त्यामुळे काकींची बरीचशी विशेषणं माझ्याच हातची. संध्याकाळी काकी एकटीपुरती भाकरी थापत आणि चुलीपुढं मुलांची नावं घेऊन भांडत; एकाला मीठ जास्त झालेलं, दुसऱ्याला भाकरीबरोबरचं कोरड्यास नको असलेलं. सभेला कशाला जाता, असं विचारलं तर म्हणाल्या, "चार मानसं दिसत्यात. घरात भिताडाशी किती बोलू?"

एकदा त्या पत्र लिहून घ्यायला आल्या. पलटणीतला जावई रजेवर यायचा होता. "लिवा, मास्तर. पोरगी दोन खेपंला मरता मरता वाचलीया. डाक्टरीण म्हनली, तिसरी खेप झाली तर वाचायची न्हाई. मूल ऱ्हाऊ दिऊ नगंस. तिच्यापासनं लांब नीज."

मी चोवीस वर्षांचा, बिनलग्नाचा. कानशिलं तापली. मी लिहिलं, 'सौभाग्यवतींची प्रकृती किंचित नाजूक असून भावी पिढीच्या दृष्टीने आपण योग्य ती दक्षता घ्यावी.' वाचून दाखवताना मात्र काकींचेच शब्द म्हटले. त्या समाधानानं मान हलवत होत्या.

जावई येऊन गेला. दक्षता म्हणून त्यानं बायकोला शेरभर बदाम आणले होते. तिला पुन्हा दिवस गेले आणि त्या बाळंतपणात ती गेली, मूलही गेलं.

दिवसकार्य आटोपल्यावर काकी माझ्या उंबऱ्याशी येऊन बसल्या. "मास्तर, चिट्टीत समदं लिवलं हुतं न्हवं?"

"हो, काकी."

"मग त्यानंच ऐकलं न्हाई."

पुढं तो रजेवर आला की टोपी हातात घेऊन त्यांच्या दारात उभा राही. काकी कडी काढत नसत. मी खिडकीतून बघत असे. त्याची चूक नाही, काकी, माझी आहे, एवढं साधं वाक्य मला कधी बोलता आलं नाही. काकींना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली.