उतू न गेलेलं दूध

आधीच सांगून टाकते, मी फिजिक्स शिकवते. स्टाफरूममध्ये भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यांत आधी हसणारी मीच. मांजर आडवं गेलं तर 'आता त्या बिचाऱ्या मांजराचं काय होणार' म्हणणाऱ्यांपैकी. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंसं होतंय... पण या सदरात इतरांचे अनुभव वाचते तेव्हा वाटतं, आपणही एकदा नीट सांगून मोकळं व्हावं. भिण्यासारखं यात काही नाही. वाईट वाटण्यासारखं मात्र आहे.

मी मूळची साताऱ्याची. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन तंजावूरला आले. सासरची माणसं तिथलीच मराठी, राजवाड्यामागच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. सुरुवातीला त्यांची मराठी ऐकून मला वाटायचं, बखरीतली माणसं कॉफी पीत बसलीत! नवरा सरकारी नोकरीत, सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, आणि घराचा सगळा कारभार सासूबाईंच्या हातात. सगळे त्यांना अम्मा म्हणत, मीही तेच म्हणायला लागले.

घर साधंच, सिमेंटचं. वर आम्ही आणि खाली भाड्याचा पोर्शन. त्या वर्षांत गावात नव्या कंपन्या येत होत्या, टीव्हीची शोरूम निघत होती, फायनान्सवाले येत होते, आणि त्यांच्याबरोबर बाहेरगावची माणसं. 'टु-लेट'ची पाटी लावली की ब्रोकर सेल्वम दुसऱ्याच दिवशी माणसं घेऊन हजर व्हायचा.

भाडेकरू निवडण्याची अम्मांची पद्धत ठरलेली होती. आलेल्या प्रत्येकाला कॉफी द्यायची. मग तमिळमध्ये चौकशी... गाव कुठलं, शाकाहारी ना, पाहुणे फार येतात का. आणि खरा निकाल तिथेच, त्याच्या तोंडावर, आम्हा दोघींत मराठीत लागायचा. मराठी म्हणजे आमची गुप्त भाषा. समोरचा माणूस हसतमुखाने कॉफी पितोय आणि इकडे त्याचे वाभाडे निघतायत! मला याची गंमत वाटायची, खोटं कशाला बोलू. त्या गल्लीतल्या बहुतेक मराठी घरांत हेच चालायचं.

त्या वेळी मला दिवस गेले होते. पोर्शनसाठी शेवटी दोघंच उरले. एक, कलर टीव्हीच्या कंपनीतला सेल्स ऑफिसर आणि त्याची नवी नवरी. दुसरी सुगुणा. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायची, तिथे नुकतेच कॉम्प्युटर आले होते. नवरा वारलेला, एक लहान मुलगी. नाव सांगितलं ते 'आर. सुगुणा' एवढंच. तिकडे वडिलांच्या नावाचं अक्षर पुढे लावतात, आडनाव नसतंच, त्यामुळे नावावरून माणूस कुठला ते कळत नाही. बोलली सगळं तमिळमध्ये.

मला ती आवडली. स्वयंपाकघरात गेली, खिडकी उघडून वारा कुठून येतो ते पाहिलं आणि शेगडी कुठे ठेवायची ते मनाशी ठरवूनसुद्धा टाकलं. खोली मिळाल्यासारखाच चेहरा झाला होता तिचा.

अम्मांनी तिच्या पेल्यात कॉफी ओतली आणि तसंच हसत मला म्हणाल्या, "मनुष्य चांगलीच अहे. पण सून दिवसांत अहे. घरांत विधवा मी एक अहें ते पुरे. हिला ठेवलं तर सकाळीं दार उघडलं की हिचं तोंड. होणा गे, ही नको. ते टीव्हीवालेच बरे."

अम्मा स्वतःच विधवा. मला दिवस गेल्यापासून सकाळी माझ्यासमोर यायचं त्या टाळायच्या, मी कितीही रागावले तरी. स्वतःला लावलेला नियमच त्यांनी तिला लावला, इतकंच. मी नुसतं 'हं' म्हटलं.

सुगुणाने कॉफी संपवली. पेला खाली ठेवला, उठली, आणि स्वच्छ तंजावूरच्या मराठीत म्हणाली, "येतें अम्मा. सुनेचं बाळंतपण सुखाचं होऊं दे."

मुलीचा हात धरून ती फाटकाबाहेर गेली. अम्मा हातात कॉफीचं भांडं घेऊन तशाच उभ्या.

"अय्यो... अम्हचीच की गे ती! सगळं समजलं तिला."

मला तेव्हा त्यांचा रागच आला. आपली होती म्हणून वाईट वाटतंय, परकी असती तर चाललं असतं? पण हाक मारून तिला परत बोलवायला दोघींपैकी एकीचीही जीभ रेटली नाही.

पोर्शन टीव्हीवाल्यांना दिला. नव्या घरात पहिल्यांदा दूध तापवून उतू घालवायचं असतं, तिकडे त्याशिवाय कुणी राहायला येत नाही. चांगली वेळ बघून नवरा-बायको आले, शेगडीला कुंकू लावलं, दूध ठेवलं. आम्ही सगळे भोवती उभे. दूध तापलं, वाफा आल्या, उकळलं... आणि वर आलंच नाही. तळाशी गडगडत राहिलं आणि आटत गेलं. त्या पोरीचा चेहरा उतरत चालला. शेवटी नवऱ्याने पळीने थोडं दूध शेगडीवर सांडलं आणि सगळ्यांनी झालं झालं म्हणून टाळ्या वाजवल्या.

मी मनात म्हटलं, दुधात पाणी असणार. साधी गोष्ट आहे, दुधावर सायीचा पातळ पापुद्रा धरतो, खाली वाफ कोंडते आणि ती त्याला वर ढकलते. पाणीदार दुधात ते होत नाही. पण नंतर त्या बायकोने रडवेलं होऊन सांगितलं, रोजच असं होतंय. मग मात्र माझ्यातली मास्तरीण जागी झाली. दूधवाला बदलला. पातेलं बदललं. आमचा गॅस खाली नेला. कॉलेजातून थर्मामीटर आणून बुडवला, उकळी पुरेपूर होती. खिडकी लावून पाहिली, उघडी ठेवून पाहिली. तेच पातेलं, त्याच दुधासकट उचलून वर आमच्या स्वयंपाकघरात आणलं तर बघता बघता ओट्यावर! खाली नेलं की पुन्हा मुकं. लोक शिळ्या कढीला ऊत आणतात, मला ताज्या दुधाला आणता येईना.

पोंगलला टीव्हीवाल्यांनी अंगणात चूल न मांडता हट्टाने आतच मडकं ठेवलं. त्या दिवशी दूध उतू जायलाच हवं, त्यावर वर्षाचं बरं-वाईट ठरतं अशी तिकडची समजूत. गल्लीतल्या घराघरांतून 'पोंगलो पोंगल' अशा आरोळ्या उठत होत्या आणि आमच्या खाली सगळं गप्प. महिनाअखेर त्यांनी घर सोडलं. पुढचेही असेच गेले. सेल्वमच्या तोंडी घराचं नाव पडलं, 'पाल पोंगाद वीडु', दूध उतू न जाणारं घर.

माझं बाळंतपण सुखाचंच झालं, हे सांगायला हवं. सुगुणा म्हणाली तस्संच. अम्मांना नेमकं तेच जास्त लागलं. नातवाला मांडीवर घेऊन बसल्या की मध्येच म्हणायच्या, "तिने आशीर्वादच दिला गे. पावम, बिचारी... शिवी दिली असती तर बरं झालं असतं." बाईने जेवणही कमी केलं. पोर्शन रिकामा पडला त्याचं त्यांना काही नव्हतं. मरायच्या आत तिची क्षमा मागायची, एवढं एकच त्यांनी धरून ठेवलं होतं.

सुगुणा जवळच्याच तिरुवैयारुला असते असं सेल्वमकडून कळलं. मुलगा चालायला लागला होता तेव्हा. त्याला नवऱ्याकडे सोपवून आम्ही दोघी दुपारच्या बसने गेलो. कावेरीच्या बाजूला एका घराच्या मागची खोली. तिने दार उघडलं, आत बसवलं, कॉफी केली. कोपऱ्यातल्या शेगडीवर दूध फसफसून वर आलं आणि तिने चटकन पातेलं उतरवलं. बघायचं नाही असं ठरवूनही मी तिकडेच बघत होते.

अम्मांनी पेल्याला हात लावला नाही. हात जोडले आणि मराठीत म्हणाल्या, "मी तुला नको ते बोललें. माझी चूक झाली. खालचा पोर्शन तुझाच अहे, चल तूं."

सुगुणा गोंधळली. अम्मांचे हात खाली करत म्हणाली, "असं कां करतांत अम्मा? मला इथे बरं अहे. मुलीची शाळा पण जवळ." मग अगदी संकोचाने, "माफ करा... कोणतं घर तुमचं?"

आम्हाला कळेना.

"त्या वेळीं पुष्कळ घरं पाहिलीं. सगळीकडे असंच सांगटलं. कोणी तमिळमध्ये, कोणी मराठींत. मी कोणाकोणाचं आठवूं?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच आठवत नव्हतं तिला.

आणि अम्मा... अम्मा तिला घराच्या खुणा सांगायला लागल्या. राजवाड्यामागची गल्ली, हिरवं फाटक, दारात कढीलिंबाचं झाड, सेल्वम घेऊन आला होता, माझी सून अशी समोर बसली होती, तूं म्हणालीस बाळंतपण सुखाचं होऊं दे. सुगुणा मन लावून ऐकत होती, आठवायचा प्रामाणिक प्रयत्न करत होती, आणि प्रत्येक खुणेला मान हलवून नाही म्हणत होती.

दूध त्यानंतरही वर आलं नाही. तिने शाप दिला नव्हता, तिच्या मनात काही राहिलंही नव्हतं, मग त्या स्वयंपाकघरात काय होतं ते मला आजही सांगता येत नाही. पुढे आम्ही तो पोर्शन कुणाला दिलाच नाही. अम्मा जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत त्या मला विचारायच्या, "तिला आठवलं असेल कां गे आता?" आणि मी म्हणायचे, "हो अम्मा, आठवलं असेल."